गाडीला लागलेली हळद

परवा विलासदादाचा नातू मोबाइल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. "आत्याआजी, हे बघ," म्हणाला. पडद्यावर कुणी गोरा म्हातारा एका तांबड्या, बुटक्या, दोन माणसांच्या मोटारीभोवती फिरत होता आणि जुन्या स्पोर्ट्स गाड्यांना वय झालं की काय काय होतं ते बोटांवर मोजून सांगत होता. तो इंग्रजीत बोलायचा आणि नातू मला मराठीत समजवायचा. तळाचा पत्रा गंजतो, रबरं कडक होऊन तडकतात, कापडी छत गळायला लागतं, वायरींचा भरवसा राहत नाही, रेडिएटरात गाळ धरतो आणि गाडी हळू चालवली की तापते. मी नुसती हूं हूं करत होते. यातली एकही तक्रार मला नवी नव्हती. नातवाला वाटलं आजी कंटाळली, पण मला खरं म्हणजे घाम फुटला होता. आता माझे गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी रेडिएटर हा शब्द कानावर पडला की माझी मान आपोआप खाली जाते. नात्यात कुठं लग्न असलं आणि हळदीच्या वेळी कुणी "ती गाडीची गंमत सांगा ना" म्हणालं, की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठते. सगळे हसून घेतात आणि मी बाहेर ओट्यावर बसून राहते. आज ती गंमत मीच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी उठावं लागणार नाही.

आमचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत होतं. पुढं बापूंचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान, मागं दोन खोल्या आणि त्यामागं पत्र्याची शेड. बापू म्हणजे माझे वडील. विहिरीवर पाणी काढायची इंजिनं गावोगावहून आमच्याकडं बैलगाडीतून यायची. दिवसभर दुकानात कुठलं ना कुठलं इंजिन ठोके देत असायचं आणि बापू डोळे मिटून, मान कलती करून ते ऐकत असायचे. मधेच डोळे न उघडता म्हणायचे, "वाल गेलाय ह्याचा," म्हणजे आतला व्हॉल्व्ह. आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला डिझेलचा वास होता. माय चुलीवर ज्वारीची भाकरी टाकायची, पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा रगडायची आणि बापू जेवायला बसले की आधी त्यांचे हात बघायची. ते राखेनं घासून कोपरापर्यंत धुवायचे तरी नखांत काळं राहायचंच. "तुमच्या घासाला येगळी फोडणी नकोच," माय म्हणायची. विलासदादा माझ्याहून मोठा. तो नव्या जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत कारकून होता, इस्त्रीची पँट घालायचा आणि दुकानातून बाहेर पडताना भिंतीला अंग लागू नये म्हणून आडवा होऊन जायचा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. त्या वयात माणसाला आपल्या घरातलं काय काय लोकांना दिसतं याचीच फार काळजी असते, आणि आमचं तर सगळंच रस्त्यावरून दिसत होतं.

तशात ती गाडी आली. नव्या जालन्यातल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठनं ती तरुणपणी मुंबईहून हौसेनं आणली होती. पुढं शेठचं पोट सुटलं, ते तिच्यात मावेनात, आणि गाडी कारखान्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. बापू तिथं इंजिन बघायला गेले होते. ताडपत्री हलली म्हणून त्यांनी वाकून पाहिलं, तर आतल्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. कोंबडीकडं बापूंनी काही पाहिलं नसावं. शेठ म्हणाले, "न्या उचलून, जागा तरी मोकळी होईल." बापूंनी ते खरंच मानलं. संध्याकाळी ट्रॅक्टरला दोरानं बांधून ती गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा हमालांनी डोक्यावरची पोती खाली ठेवली होती. लांबलचक नाक, दोनच दारं, इतकी बुटकी की माझ्या कमरेपर्यंत येईल. मूळचा तांबडा रंग उन्हानं उडून विटेसारखा झालेला. माय दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती, कारण घरात नवीन काही आलं की ओवाळायचं असतं, पण हिला नेमकं कुठून ओवाळावं ते तिला कळेना.

बापूंनी पुढचं सगळं वर्ष त्या गाडीत घातलं. कडक झालेली रबरं काढून ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून नवी कापली. फाटक्या छताला धान्याच्या ताडपत्रीची ठिगळं लावली. तळाचा पत्रा गंजून पायाखाली भोक पडलं होतं, तिथं तेलाचा डबा फाडून ठोकला. तो पत्रा निसटला की चालत्या गाडीतून खालचा रस्ता पळताना दिसायचा. एकदा पाण्याच्या डबक्यातून गाडी गेली आणि मायचं नवं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं. ती पुन्हा त्या गाडीत बसली नाही. पेट्रोलची नळी पाझरायची, त्यामुळं गाडीतून उतरलेल्या माणसाजवळ कुणी बिडी पेटवायला धजत नसे. ब्रेक लागायच्या आधी दोन-तीनदा पाय मारावा लागे. या सगळ्यात वाईट म्हणजे हॉर्न. आत कुठं तरी वायरीचं कातडं गेलेलं होतं, आणि चाक डावीकडं वळवलं की हॉर्न आपोआप वाजायला लागायचा. तो वळण संपेपर्यंत थांबायचा नाही. बापूंनी ती वायर किती तरी वेळा शोधली, त्यांना ती सापडली नाही. आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायचं तर डावं वळण, आणि कॉलेजच्या फाटकात शिरायचं तरी डावंच वळण. एकदा पावसाळ्यात बापूंनी प्रेमानं मला कॉलेजला सोडलं. त्या दिवसापासून वर्गातल्या मुली मला पोंपों म्हणायला लागल्या.

सकाळी ती गाडी धक्क्याशिवाय कधी चालू झाली नाही. बापू आत बसून हाक द्यायचे, "या रे, लावा हात!" मग पोती वाहणारे हमाल, दुकानात आलेले शेतकरी, कधी कधी समोरचे शेठजीसुद्धा धोतर सावरत यायचे. सगळी गल्ली हसत हसत धक्का द्यायची. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं. तेव्हा मी ती हाक ऐकली की मागच्या खोलीच्या दाराआड जाऊन उभी राहायचे. दाराच्या फटीतून बापू दिसायचे. एरवी इंजिनावर वाकलेला तो माणूस त्या गाडीत मात्र ताठ बसायचा. दोन्ही हात चाकावर, हनुवटी वर. मला त्यांचं ते ताठ बसणंच सगळ्यात जास्त लाजवायचं.

दादाचं लग्न हसनाबादच्या कुसुमशी ठरलं. हसनाबाद बापूंचं आजोळ. लहानपणी ते तिथं मामाच्या शेतात राबले होते आणि मिसरूड फुटायच्या आत तिथून चालत जालन्याला आले होते. कुसुमची आई तिच्या लहानपणीच गेली होती, तिला वाढवलं ते विधवा आत्यानं, सोजरआत्यानं. त्या घरात वडिलांपेक्षा आत्याचा शब्द मोठा होता. सुपारी फुटली त्याच दिवशी बापूंनी जाहीर केलं, की नवरदेवाचा परण्या गाडीतून निघेल. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात, आणि तो घोड्यावरून काढतात. माय म्हणाली, "घोडी सांगा गुमान. त्या गाडीचा काय भरवसा हाय?"

"घोड्यावर तर कोणी बी जातं," बापू म्हणाले. "ज्या गावातून मी पायानं आल्तो, त्या गावात माझं लेकरू उघड्या गाडीतून फिरलं पाहिजे. बास."

माय भाकरी थापायला वळली. दादा बापूंपुढं कधीच बोलत नसे.

लग्नाच्या दिवशी सकाळी आमच्या घरी दादाला हळद लागली. ओल्या हळदीचा वास, बायकांची गाणी, आणि पाटावर चड्डी-बनियनमध्ये संकोचून बसलेला आमचा इस्त्रीवाला दादा. त्याला लावून उरलेली हळद म्हणजे उष्टी हळद. ती नवरीकडं न्यायची, तीच तिला लावायची, आणि ती लागल्याशिवाय नवरी मांडवात बोहल्यावर चढत नाही. हळद न्यायचा मान करवलीचा, म्हणजे माझा. मायनं ती पितळेच्या कडीच्या डब्यात भरली, वर हळदीचं पान झाकलं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला. "खाली ठिवू नको, कोणाच्या हातात देऊ नको," म्हणाली. मग ती वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये चढली आणि ट्रक पुढं निघून गेला. आम्ही तिघं गाडीत. बापू चाकावर, शेजारी दादा बाशिंग मांडीवर धरून, आणि त्यांच्या मागं सामान ठेवायच्या वीतभर जागेत आडवी बसलेली मी, नव्या साडीत, डबा पोटाशी घेऊन.

ऊन मी म्हणत होतं. राजूरच्या गणपतीला पाया पडून पुढं निघालो आणि थोड्याच वेळात गाडीच्या नाकातून वाफ यायला लागली. बापूंनी गाडी कडेला घेतली, नाक उघडलं. रेडिएटर खालच्या बाजूनं फुटलं होतं. जुनं पितळ, झालं असेल त्याचं वय. पाण्याची बारीक धार लागली होती. बापूंनी जवळच्या शेतातून घागर मागून आणली, पाणी भरलं, आणि भरलेलं सगळं आमच्या डोळ्यांदेखत मातीत गेलं. रस्ता मोकळा होता. पुढं गेलेला ट्रक परत येणार नव्हता. बापू थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मग त्यांची नजर माझ्या मांडीवर आली.

इंजिनाच्या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना माहीत असते. रेडिएटर गळायला लागलं की पाण्यात मूठभर हळद टाकायची. ती फुगते, भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. आमच्या दुकानात त्यासाठी हळदीची पुडी कायम असायची. नेमकी ती त्या दिवशी मायनं लग्नाच्या स्वयंपाकात घातली होती.

"शकू, डबा दे."

"बापू, ती उष्टी हळद हाय!"

"ठाव हाय मला. चिमूटभर घेतो. नवरीच्या पुरती राहीन की."

"बापू, राहू द्या ना," दादा म्हणाला. माझ्या आठवणीत बापूंना त्यानं केलेला तो पहिला विरोध. "यष्टी येईल एखादी. तिच्यानं जाऊ."

बापूंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खरंच आधी चिमूटभरच घेतली. दुकानातली हळद कोरडी असायची, ही तेलापाण्यात कालवलेली. धार बारीक झाली, थांबली नाही. मग बोटभर घेतली. मग थोडी. गाडी चालू झाली, दोन-तीन मैल गेली, पुन्हा वाफ. पुन्हा घागर, पुन्हा डबा. प्रत्येक वेळी बापू डब्यात बघायचे आणि म्हणायचे, "हाय अजून, बराबर हाय." शेवटच्या वेळी त्यांनी डबा विसळून ते पाणीही रेडिएटरात ओतलं. मी तो रिकामा डबा पुन्हा मांडीवर घेतला आणि त्यावर झाकण लावलं. पान उडून गेलं होतं. बापू चाकावर बसले, मनगटापर्यंत पिवळे हात घेऊन, आणि म्हणाले, "आता बघा कशी चालती."

आणि ती चालली, हेच खरं दुर्दैव. हसनाबादला आम्ही उतरत्या उन्हात शिरलो तेव्हा गाडी सुरळीत होती. वेशीतून आत जायला डावं वळण. हॉर्न जो वाजायला लागला तो मारुतीच्या पारापर्यंत वाजतच राहिला. गावाला वाटलं हा मुद्दाम वाजवलेला डौल आहे. पारावरची माणसं उठून उभी राहिली, बाया दारात आल्या, कुणी तरी बापूंना ओळखून ओरडलं, "अरे, हा तर आपल्या सखारामाचा भाचा!" बापूंनी दोन्ही हात चाकावर ठेवून मान हलवली. आरशातून त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसले. मी डबा घट्ट धरून बसले होते. त्या एका क्षणी मला त्यांची लाज वाटली नाही, त्यांच्यासाठी भीती वाटली.

मांडवात बायकांचं रिंगण तयार होतं. मधे पाटावर कुसुम, शेजारी सोजरआत्या, समोर आमची माय. मायनं माझ्याकडं हात केला. मी डबा दिला. तो किती हलका आहे हे तिच्या हाताला आधी कळलं आणि मग तिनं झाकण उघडलं. डब्याच्या कडेला दोन पिवळे ओघळ, बाकी काही नाही. "सांडलीस का गं?" माय एवढ्या हळू म्हणाली, की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसावं. तेवढ्यात मांडवाच्या दारातून बापूंचा आवाज आला.

"तिला नका इचारू. मी घेतली."

बायकांच्या रिंगणात पुरुष सहसा येत नाहीत. बापू दोन पावलं आत येऊन थांबले.

"घेतली म्हंजी?" सोजरआत्यांनी विचारलं. "इहीनबाई, काय म्हणून राह्यले तुमचे मालक?"

"रेडिएटर गळून राह्यलं व्हतं," बापू म्हणाले. "त्याच्यात हळद टाकली की भोक बुजतं. थोडी ठिवणार व्हतो नवरीला. न्हाई राह्यली."

कुणाला काही कळेना. मग एका पोरीला कळलं आणि ती फिसकन हसली. तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पुढच्या बाईला, आणि ते हसू मांडवभर पसरत बाहेरच्या पुरुषांत गेलं. सोजरआत्या मात्र हसल्या नाहीत.

"नवरीच्या आदी गाडीला हळद लागली म्हणा की," त्या म्हणाल्या. "मंग त्या गाडीलाच आणा हितं, बशिवा पाटावर, अन् लावा लगीन."

आता हसण्याचा गलका झाला. माय मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. बापू आपले पिवळे हात नव्या धोतराला पुसायला लागले, आणि जितके पुसत तितकं धोतर पिवळं होत गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडवात शिरताना मी केसांतला अबोलीचा गजरा नीट केला होता, तो मला तेव्हा काढून फेकावासा वाटत होता. आपण पोंपों आहोत, आपण त्या डिझेलच्या वासाच्या घरातले आहोत, आणि आता हे सगळ्या हसनाबादलाही कळलं, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं.

माय कशीबशी म्हणाली, "बाई, घरातली हळद घ्या, विलासला पुन्हा लावू जराशी, अन् तीच हिला लावा. जल्दी होईन."

"बिलकुल न्हाई," सोजरआत्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम कापायला लागला. "अंघोळ करून उतरलेली हळद पुन्हा लावत न्हाईत. दुसरी हळद म्हंजी दुसरं लगीन. माय नसलेली लेक हाय माझी, तिच्या डोस्क्यावर सवत आणू का मी? उष्टी हळद न्हाई तर ही पाटावरनं उठणार न्हाई."

हसणं थांबलं. त्या बाईची भीती खरी होती हे सगळ्यांना दिसत होतं. कुसुमच्या वडिलांना बोलावलं, ते म्हणाले, "अक्का म्हणेल ते." बाहेर वाजंत्री वाजायची थांबली. सूर्य खाली चालला होता, मुहूर्त गोरजाचा, आणि परण्या अजून निघायचा होता. आमच्या वऱ्हाडातली माणसं ट्रककडं बघायला लागली होती. दादा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, बाशिंग हातातच. हे लग्न आता मोडतंय, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

"आत्या," पाटावरून आवाज आला. नवरीनं त्या वेळी बोलायचं नसतं. कुसुमची मान खालीच होती. "हळद सांडली तर न्हाई ना?"

"न्हाई बाई," बापू म्हणाले.

"गाडीतच हाय ना?"

"हाय."

"मंग काढा की तिच्यातून."

बापू जणू भाषाच कळत नसल्यासारखे उभे राहिले. मग ते वळले आणि एक परात मागून घेऊन गाडीकडं गेले. नव्या धोतरात ते गाडीखाली उताणे झोपले, रेडिएटरची खालची तोटी फिरवली आणि परातीत धार पडायला लागली. सगळं गाव भोवती उभं. पाणी कढत होतं, पिवळं कमी आणि तपकिरी जास्त, त्यावर तेलाचा तवंग, तळाशी गंजाचे बारीक कपटे. बापूंनी ते आपल्या उपरण्यातून गाळलं. निवाल्यावर परात दोन्ही हातांनी धरून मांडवात आणली आणि पाटासमोर ठेवली.

सोजरआत्यांनी बोट बुडवलं, नाकाशी नेलं. "अगं माय, काय वास हाय!" म्हणाल्या. बराच वेळ बोट अंगठ्यावर घासत बसल्या. त्यांच्या बोटावर पिवळा डाग राहिला. "हळदच हाय," त्या शेवटी म्हणाल्या आणि पहिला हात त्यांनीच कुसुमच्या गालाला लावला. बायकांनी गाणं सुरू केलं, पण मधेच कुणाला हसू फुटायचं आणि ओळ अर्धी राहायची. माझी करवलीची पाळी आली. ते पाणी मी माझ्या होणाऱ्या वहिनीच्या कपाळाला लावलं. तापलेल्या रबराचा वास होता त्याला. कुसुमनं डोळे मिटले होते. तिचे ओठ घट्ट होते, आणि ती हसू दाबतेय की रडू, ते मला कळलं नाही.

पाणी काढून घेतल्यावर गाडी हलणार नव्हती. दादा पायी पायी वाजंत्रीमागून मारुतीला गेला. गाडी पारापाशी नाक उघडून उभी, आणि तिच्याशेजारी बापू. परण्या त्यांच्यासमोरून गेला. लग्न लागलं, बुंदी आणि येसराच्या आमटीच्या पंगती उठल्या. बापू जेवले नाहीत. परत येताना ते ट्रकमध्ये मागच्या फाळक्याला धरून जालन्यापर्यंत उभे राहिले. लग्नाच्या फोटोत वहिनी सगळ्यांपेक्षा काळपट दिसते, तो फोटो आमच्या बैठकीत कितीतरी वर्षं होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं कारण सांगितलं जायचं.

वहिनी घरात आली आणि बापू घरात यायचे बंद झाले. ते दुकानातच जेवायचे. ताट द्यायला वहिनी गेली तर ते इंजिनाच्या मागं सरकायचे, मग ताट मी न्यायचे. गल्लीला नवा खेळ मिळाला होता. इंजिन घेऊन आलेला शेतकरी विचारायचा, "बापू, कालवणाला हळद कमी पडली, गाडीतली देता का?" बापू हसायचे नाहीत, रागवायचे नाहीत. डोळे मिटून ठोके ऐकणंही त्यांनी सोडलं. हसनाबादहून गाडी ट्रॅक्टरला बांधून परत आणली ती थेट मागच्या शेडमध्ये ढकलली. मला वाटलं, सुटलो. आणि असं वाटल्याचीही लाज वाटायची, कारण बापू रोज दिसत होते.

एका सकाळी त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं हातोड्यानं दोन-चार ठिकाणी पत्रा वाजवून पाहिला आणि हातगाड्या आणायला माणसं पाठवली. गाडी शेडमधून दुकानासमोर काढली होती. गल्ली जमली. मी माझ्या नेहमीच्या जागी, दाराआड. तेवढ्यात वहिनी माझ्या शेजारून बाहेर गेली. डोक्यावर पदर, हातात पाण्याची कळशी. मांडवातल्या त्या दिवसानंतर सासऱ्याशी ती एक शब्द बोलली नव्हती, भर गल्लीत तर नाहीच.

"मामा, कुठं नेऊन राह्यले हिला?"

बापू जमिनीकडं बघत म्हणाले, "भंगारात."

"हिच्यात माझी हळद हाय. माझी हळद भंगारात टाकता का तुम्ही?"

भंगारवाल्यानं हातोडा खाली घेतला. बापूंनी मान वर केली. लग्नापासून पहिल्यांदाच त्यांनी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "तिच्यापायी समद्या गावात लाज गेली तुझी."

"गेली की. खोटं कशाला बोलू? लई दिस तोंडाला रबराचा वास येत व्हता." तिनं गाडीचं नाक उचलायचा प्रयत्न केला, ते तिला जमेना, बापूंनी पुढं होऊन उचललं. वहिनीनं कळशी रेडिएटरात रिकामी केली. खालून टपटप थेंब पडायला लागले. मातीत पडेपर्यंत ते पिवळसर दिसत होते. "बसा आत," ती म्हणाली.

"हिला धक्का लागतो, पोरी."

"मंग देऊ."

तिनं पदर कमरेला खोचला. नवी सून, हातात हिरवा चुडा, आणि जुन्या जालन्याची सगळी गल्ली बघत असताना ती गाडीच्या मागं जाऊन वाकली. हमाल पुढं यायला बिचकले. बापू चाकावर बसले होते, पण ताठ नव्हते. वहिनीनं मागं वळून माझ्या दाराकडं पाहिलं. मी कुठं असते ते तिला आधीपासून माहीत असणार.

"शकूताई, या की."

मी बाहेर आले. उन्हात पत्रा तापला होता, तळव्याला चटका बसला. आम्ही दोघींनी जोर लावला. गाडी आधी हललीच नाही, मग हलली, मग खोकली आणि पेट्रोलच्या वासाचा भपका सोडत चालू झाली. तरी आम्ही हात लावून मागं पळतच राहिलो. गल्लीच्या तोंडाशी बापूंनी चाक डावीकडं वळवलं आणि हॉर्न वाजायला लागला. धान्याच्या दुकानातले सगळे बाहेर आले. माझी मान खाली होती, वर करायचं धाडस झालं नाही. पण वळण संपेपर्यंत मी गाडीवरचा हात काढला नाही.